अर्धी उरलेली नक्षी: ठाण्यातल्या एका गाडीच्या टायर-नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडी धुतली, बॉनेटला झेंडूचा हार घातला, चारी चाकांना हळद-कुंकू लावलं. वाकलोच होतो म्हणून खिशातला डेप्थ गेज काढून टायरच्या नक्षीची खोलीही मोजून घेतली. आई म्हणाली, "आजच्या दिवस तरी ती यंत्रं बाजूला ठेव रे." म्हटलं, शस्त्रपूजाच चाललीय.

पुढचे दोन्ही मध्यभागी ४.५ मिमी, बाहेरच्या कडेला ४.२. मागचे ५.४. नवे घातले तेव्हा ८ होते. म्हणजे साधारण २६ हजार किलोमीटरमध्ये पुढचे जवळजवळ अर्धे संपले. गाडी २०१८ ची ऑक्टेव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो, २३० पीएस, आणि ती सगळी ताकद पुढच्या चाकांना. मी हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की मित्र दारं मोजायला लागतात. मोजू देत.

जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचं ठरलंय. त्याआधी टायरचा निकाल लावायचा. रोज कासारवडवली ते वागळे इस्टेट हीच गाडी, पावसाळ्यात हीच आणि ट्रॅकवरही हीच. दुसरी गाडी घेणं शक्य नाही, बायकोला विचारूनही झालं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर हेच डोक्यात. ट्रॅकचा टायर म्हटलं की परदेशातले लोक ट्रेडवेअरच्या आकड्यावर बोलतात. टोयोचा आर८८८आर १०० चा, ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस २०० चा, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस ३०० चा. आकडा जितका कमी, तितकं रबर मऊ आणि तितकं लवकर संपणारं, असा ढोबळ हिशोब. ढोबळच, कारण हा आकडा कंपनी स्वतःच देते. टेक्सासमध्ये गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवून, १०० आकड्याच्या नमुना टायरशी झीज ताडून पाहायची अशी पद्धत आहे. पण या कंपनीचा २०० आणि त्या कंपनीचा २०० एकाच तराजूत बसतील याची खात्री नाही.

आपल्याकडे प्रश्न त्याही आधीचा आहे. जून २०२० पासून बाहेरून नवे टायर आणणं 'मुक्त' यादीतून 'प्रतिबंधित' यादीत गेलं. वर आयएसआयचा शिक्का लागतो. त्यामुळे माझ्या मापाचा सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचा मऊ, कमी खाचांचा टायर) दुकानात जाऊन उचलावा, असं होत नाही.

एक जोड मात्र सापडला. पुण्याकडच्या एका रेसिंगवाल्या मुलाकडे चार सेमी-स्लिक होते, नक्षी भरपूर, भाव मोहात पाडणारा. आज पाहून आलो. टायरच्या भिंतीवर तारखेचे चार आकडे २२१८, म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. वर्कशॉपमधला रबराचा कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर बरोबर नेला होता (आमच्याकडे रबरी सील तपासायला असतो). माझ्या रोजच्या टायरला शोअर ए मध्ये ६८ येतो. याला ७८ आला. चारी टायरवर तीन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं, तेच. नखही रुतेना. मऊ म्हणून जन्माला आलेला टायर साडेसहा वर्षांत माझ्या रस्त्यावरच्या टायरपेक्षा कडक झालेला. मुलगा म्हणाला, "काका, नक्षी बघा ना, नवीच आहे." नक्षी नवीच होती, रबर म्हातारं झालं होतं.

परत येताना एक्सप्रेसवेवर हिशोब केला. ठाण्याहून कारी साधारण १२५० किलोमीटर. ट्रॅकवर दिवसभरात होणार फार तर १००. म्हणजे मी निवडतोय तो टायर १०० किलोमीटर ट्रॅकवर आणि २५०० हायवेवर पळणार. सेमी-स्लिक मिळाला असता तरी त्याची मलई हुबळी-दावणगेरेलाच संपली असती.

२७ ऑक्टोबर, रविवार

माप बदलायचं नाही, २२५/४५ आर१७ च (२२५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). १८ इंची रिमवर २२५/४० येतो. दिसायला झकास, पण टायरची भिंत १०१ मिमीवरून ९० वर येते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत ते ११ मिमी मला हवे आहेत.

आणि बाकीचं सुचलं ते असं. माझे आत्ताचे अर्धे झिजलेले टायर हेच ट्रॅकचे टायर. नव्या टायरची नक्षी उंच असते. जोरात वळताना तिचे ठोकळे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरासारखे वाकतात, त्यातून उष्णता साठते आणि मग तुकडे उडायला लागतात. म्हणून परदेशात काही जण नवे टायर मुद्दाम तासून ट्रॅकवर नेतात. घोडबंदर रोडने ते काम मला फुकट करून दिलंय. हे चार दुसऱ्या रिमवर चढवायचे, रोजच्या रिमवर नवे घालायचे. पावसाळ्याला नवी नक्षी मिळेल, ट्रॅकला उतरलेली.

१० नोव्हेंबर, रविवार

सेकंडहँड अलॉय मिळाले, १७ इंची, पाच बोल्ट, ११२ चं पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास). ऑफसेट, म्हणजे हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती दूर ते, मूळच्यापेक्षा ४ मिमी कमी, चालेल. एकाच्या आतल्या ओठाला बारीक चेप होता. डायल गेज लावून फिरवून पाहिलं, ०.४ मिमी हलतं. ते चाक मागे लावायचं.

वजन करायला नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. मूळचं चाक टायरसकट २१.४ किलो, नवी नुसती रिम ८.९. त्याने काट्यावरून मान वर न करता विचारलं, "शेठ, विकायचंय का नुसतं मोजायचंय?" मोजायचंय म्हटल्यावर चहाचे पैसे मागितले. रास्त होतं.

जुने टायर तात्पुरते याच अलॉयवर चढवून घेतले, म्हणजे थरथर वगैरे काही असेल तर आत्ताच कळेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कळलं. ऐंशीपर्यंत काही नाही, नव्वदला स्टीअरिंग थरथरायला लागतं, एकशे दहाला पुन्हा शांत. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मुलुंडपर्यंत जाऊन परत आलो, दोन्ही वेळा तेच. बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं, वीस ग्रॅमचं वजन इकडचं तिकडे झालं. थरथर तशीच.

दुपारी वर्कशॉपमध्ये गाडी जॅकवर घेतली. बोल्टना टॉर्क रेंच लावला, या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतात. डाव्या पुढच्या चाकाचा दुसरा बोल्ट 'कट्' आवाज येईपर्यंत जवळजवळ पाव फेरा फिरला. चाळीस किलोमीटरमध्ये पाव फेरा. तोंडाला कोरड पडली.

तो बोल्ट काढून उजेडात धरला. कंपनीच्या बोल्टची बसकण गोल असते, चेंडूच्या तुकड्यासारखी. या अलॉयच्या भोकाची बसकण टेपर, म्हणजे शंकूसारखी, ६० अंशांची. गोल बोल्ट टेपर भोकात बसतो तेव्हा पूर्ण अंगाने टेकतच नाही. एका वर्तुळाच्या रेषेवर टेकतो. ती रेषा बोल्टवर दिसत होती. केसाइतकी बारीक, चकचकीत. बाकी सगळी बसकण आधीसारखी काळी. पाच बोल्टांचं चाक पाच केसांवर लटकलेलं.

दुकानातल्या पोराने जुनेच बोल्ट गनने ठोकून दिले होते. पण बोल्ट त्याच्या हातात मीच दिले. पंचवीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसाला टेपर आणि गोल यातला फरक हातात धरून कळला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

वीस टेपर बोल्ट मागवले. एम१४, दीड पिच, डोकं १७ चंच, म्हणजे गाडीतला पाना चालेल.

२० नोव्हेंबर, बुधवार, मतदानाची सुट्टी

सकाळी मतदान केलं, मग बोटाची शाई घेऊन वर्कशॉप उघडलं. कामगार सुट्टीवर, लेथ माझाच.

थरथरीचं कारण अर्धं बोल्ट, अर्धं मधलं भोक. हबचा गळा ५७.१ मिमी, या अलॉयचं भोक ७३.१. मधे आठ-आठ मिमीची पोकळी, त्यामुळे चाक मध्यावर नेमकं बसवायला बोल्टांशिवाय काहीच नाही. बाजारात यासाठी प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात. ट्रॅकवर ब्रेक तापले की त्या मऊ पडतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातल्या. आतून ५७.१०, बाहेरून ७३.०५. हबला थोडं कॉपर ग्रीस लावलं, रिंग अंगठ्याने दाबली आणि 'पक्' करून बसली. तो आवाज ऐकायला बायकोला बोलवावंसं वाटलं होतं. नाही बोलावलं.

संध्याकाळी ११५ पर्यंत स्टीअरिंग गप्प.

१४ डिसेंबर, शनिवार

रोजच्या रिमवर नवे टायर चढले. तारीख ३६२४, नक्षी ८. सेमी-स्लिकच्या मोहातून पूर्ण बाहेर येऊन ओल्या रस्त्यावर चांगला समजला जाणारा घेतला.

अलाइनमेंट केलं. पुढचा कॅम्बर (समोरून पाहताना चाक किती कललंय तो कोन, उणे म्हणजे वरून आत) डावीकडे उणे ०.६ अंश, उजवीकडे उणे ०.५. ट्रॅकसाठी उणे दोनच्या आसपास हवा, पण या गाडीत पुढे कॅम्बर बदलायला कंपनीने जागाच ठेवलेली नाही. वरच्या कॅम्बर प्लेट बदलाव्या लागतात. त्यात रबराच्या जागी लोखंडी बेअरिंग येतं आणि प्रत्येक खड्डा डोक्यात वाजतो. टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) शून्यावर आणला, तेवढं पुरे.

ट्रॅकचा जोड गॅलरीत ठेवलाय. काळ्या पिशव्यांत, एकावर एक आडवे, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात, इन्व्हर्टरपासून लांब, कारण ठिणगीतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. आईने आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केलीये की मुलाने टायरचं दुकान काढलंय.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

मागची सीट पाडली की ऑक्टेव्हियात चार चाकं, ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच, पायावर चालणारा पंप आणि दोन माणसांच्या बॅगा मावतात. मित्रांनी दारं मोजली होती ना, त्यातलं पाचवं हे.

पहाटे साडेचारला निघालो. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, मुक्काम हुबळी. बाकी प्रवासाचं लिहीत नाही. एक मात्र, विम्याची पॉलिसी निघण्याआधी पुन्हा वाचली. 'ऑर्गनाइज्ड रेसिंग' आणि 'स्पीड टेस्टिंग' संरक्षणात नाही, असं स्वच्छ लिहिलंय. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून. हे डोक्यात असलं की उजवा पाय आपोआप शहाणा होतो.

१८ जानेवारी, शनिवार, कारी मोटर स्पीडवे, चेट्टीपालयम

हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, २००३ पासून आहे. नाव करिवर्धन यांचं, फॉर्म्युला मारुती या रेसिंग गाड्या बनवणारे तेच. वळणं जवळजवळ, सरळ रस्ता कमी. म्हणजे टायरला श्वास घ्यायला जागा नाही.

साडेसहाला हॉटेलच्या अंगणात चाकं बदलली. चारी टायर थंड असताना ३२ पीएसआय. मुलीच्या फळ्याचा खडू आणला होता. टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीवर उतरणाऱ्या आडव्या रेघा मारल्या. भिंतीवर बारीक त्रिकोण असतो. वळणात टायर लोळून खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. पुसणं त्रिकोणाच्या अलीकडेच थांबलं तर हवा जास्त, पलीकडे गेलं तर कमी.

पहिलं सत्र, वीस मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या गरम करण्यात. सहाव्या फेरीपर्यंत मजा, नवव्या फेरीला पुढचं टोक सरळ जायला लागलं. पिटमध्ये आल्या आल्या मित्राने सुईवाला थर्मामीटर रबरात टोचला. डावा पुढचा आतून ७१ अंश, मध्ये ७८, बाहेर ९४. हवा ४०.५. उजव्या पुढच्याची ३९, मागचे ३७ च्या आसपास. सकाळी सगळीकडे ३२ च होती. हवा दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय चढते, म्हणजे हिशोब जुळतो. खडू त्रिकोणाच्या अलीकडेच थांबलेला. म्हणजे हवा जास्त.

पुढच्यांची ३६ वर उतरवली. मागचे तसेच, पुढून ओढणाऱ्या गाडीत मागे हवा थोडी जास्त असली की शेपूट वळायला मदत करतं.

दुसरं सत्र. तीच गाडी, वेगळा स्वभाव. खडू बरोबर त्रिकोणावर पुसलेला.

मग हाव सुटली. तिसऱ्याला ३४ करून पाहिली. पहिल्याच डाव्या-उजव्या जोडवळणात स्टीअरिंग कणकेत घातल्यासारखं. खडू त्रिकोणाच्या पलीकडे अर्धं बोट. पायपंपाने पुन्हा ३६. उन्हात पाय मारताना शेजारच्या पिटमधल्या गृहस्थांनी त्यांचा कॉम्प्रेसर देऊ केला, तोवर माझं एकच चाक राहिलं होतं.

चौथं सत्र दुपारचं, ट्रॅक तापलेला. या टायरचा गुण हा की तो सोडण्याआधी ओरडतो. आधी गुणगुण, मग किंकाळी. किंकाळीला मी स्टीअरिंग आणखी फिरवायचो, सगळे नवखे करतात तेच. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "अरे, तो ओरडतोय म्हणजे नको म्हणतोय. थोडं सोड." सोडलं. गाडी वळली. पुढच्या चार फेऱ्यांत टायरच्या आवाजाबद्दल जे कळलं ते आकडे टोचून कळलं नव्हतं.

उतरल्यावर डाव्या पुढच्याच्या बाहेरच्या खांद्यावर रबराच्या वळ्या आलेल्या, कणकेचे हात चोळल्यावर निघतात तशा. उष्णता बाहेर ९७, आत ७४. हवेने खडू त्रिकोणावर आणला, पण आत-बाहेरचा हा फरक हवेने जात नाही. तो कॅम्बरचा आहे. तिथे थांबलो. पाचवं सत्र विकत घेतलेलं होतं, सोडून दिलं.

१९ जानेवारी, रविवार

रोजची चाकं लावली, ट्रॅकची मागे टाकली. ट्रॅकचे टायर थंड झाल्यावर मोजलं तर पुढच्यांत हवा २९.५ च होती. तसेच हायवेला लावले असते तर सेलमपर्यंत खांदे आणखी गेले असते. पन्नास किलोमीटरवर थांबून बोल्ट पुन्हा तपासले. पाव फेऱ्याची आठवण अजून गेलेली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ट्रॅकचे चार टायर धुऊन मोजले. साधारण १०० किलोमीटरची झीज:

डावा पुढचा बाहेर ४.२ वरून ३.२, मध्ये ४.५ वरून ४.१. उजवा पुढचा बाहेर ३.६. मागच्यांची ५.४ ची ५.२, म्हणजे काहीच नाही.

ज्या १ मिमीला घोडबंदरवर सुमारे सात हजार किलोमीटर लागले, तो कारीच्या चार सत्रांत गेला, आणि तोही एकाच चाकाच्या दोन बोटं रुंद पट्टीतून. पुढच्या वेळी मागचे पुढे आणि पुढचे मागे. नक्षी असममित आहे, भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर राहिली की चाक कुठेही चालतं.

कॅम्बर प्लेटचं मन पुन्हा होतंय. आज नाही.

११ मे, रविवार

काल रात्री सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेला, खोदून अर्धवट बुजवलेला चर. वेग चाळीससुद्धा नव्हता. 'धप्प' झालं आणि मला तेव्हाच कळलं. सकाळी डाव्या पुढच्याच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की हवा फक्त रबराच्या भरवशावर राहते. पंक्चरवाला म्हणाला, "चालवा साहेब, महिनाभर काय होत नाही." त्याच्याकडे याच मापाचा जुना टायर विकायलाही होता, हे नंतर कळलं.

नक्षी ७.१ शिल्लक असलेला टायर बाद. ट्रॅकने ३.२ वर आणलेला मात्र धडधाकट. नवा एक मागवलाय, आठ-दहा दिवस लागतील. तोवर गॅलरीतला जोड गाडीला. पावसाला अजून महिना आहे.

२६ मे, सोमवार

नव्हता. मान्सून आज मुंबईत दाखल, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. १९५० पासूनच्या नोंदींतलं सगळ्यात लवकर आगमन, असं बातम्यांत. आणि माझ्या गाडीला ट्रॅकचे टायर. पुढे ५.२ चे, हे नशीब. मागे तो ३.२ वाला. कायद्याला १.६ चालतात, कायदा घोडबंदरवर पावसात गाडी चालवत नाही.

सकाळी माजिवड्याच्या पुलावरून उतरताना पाण्याच्या पट्ट्यात मागचं टोक अर्धा क्षण हलकं झालं. स्टीअरिंगला काही कळलं नाही, पाठीला कळलं. वेग ६५. नासाचा विमानांच्या चाकांसाठीचा जुना ठोकताळा आहे: दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणलं की पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ३२ पीएसआयला ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. त्या भरवशावर होतो. पण विमानाचं चाक अरुंद आणि गोलसर, माझं रुंद आणि सपाट. रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो.

आणखी एक शहाणपणा मीच केला होता. जास्त झिजलेले मागे टाकले, ट्रॅकसाठी. पावसात उलटं हवं, चांगले मागे. पुढचं सुटलं तर वेग सोडून सावरता येतं, मागचं सुटलं की गाडी आधी फिरते आणि मग आपल्याला कळतं. ऑफिसला पोचल्यावर रेनकोट घालूनच चाकं अदलाबदल केली. टर्नर मामा छत्री धरून उभे होते. "शेठ, रिक्षाने आला असता तर?" एवढंच म्हणाले.

उरलेला आठवडा पन्नासच्या वर गेलो नाही.

७ जून, शनिवार

नवा टायर आला, चढला. जोडीचा दुसरा ७.१, हा ८. दोघांत जवळजवळ एक मिमीचा फरक आहे, म्हणून ही जोडी मागे टाकली. पुढे ताकदीची चाकं, तिथे डावं-उजवं सारखं लागतं. बोल्ट १२० वर, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा १२० वर.

ट्रॅकचा जोड धुऊन, पुसून परत गॅलरीत. या वेळी प्रत्येक पिशवीवर पिवळ्या मार्करने चाकाची जागा, बाहेरच्या कडेची नक्षी आणि तारीख लिहिली. ३.२ वाल्यावर 'मागे, फक्त कोरड्यात' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आईने ते वाचलं आणि विचारलं, एवढ्या जपून ठेवलेल्यातला एखादा कुंडीसाठी कधी मिळेल? हिशोब करून सांगितलं, पुढच्या दिवाळीनंतर.